दाब, धर, सोड

१

ब्रेकमधली हवा काढायची तर माणसं दोन लागतात. एक वर केबिनमध्ये, पेडलवर पाय ठेवून. दुसरं खाली, चाकामागे उताणं पडून, हातात पाना घेऊन. खालचा म्हणतो "दाब", वरचा दाबतो. खालचा म्हणतो "धर", वरचा पाय रोवून बसतो. मग खालचा चाकाजवळचा बारका निप्पल पाव फेरा उघडतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत पडतात आणि वरच्याच्या पायाखाली पेडल फरशीला टेकतं. आता खालच्याने निप्पल आवळायचा, टक आवाज येईपर्यंत, आणि त्यानंतरच तोंड उघडायचं, "सोड". आधी टक, मग सोड. उलटं झालं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं मुसळ केरात.

फोरमनीणबाईंना हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच पाठ झालं होतं. नवरा ट्रकांच्या डेपोत फोरमन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणे, आणि म्हणून या फोरमनीणबाई. कुणी मिक्सर दुरुस्तीला आणला तरी फोरमन आधी विचारायचे, "कितीक पळालाय?" घराच्या अंगाला पत्र्याची शेड होती, आणि शेडमध्ये चार वर्षं एकच वाहन उभं होतं. धाकट्या भावाचा ट्रक. जुना, उंच, चारही चाकांना ताकद जाणारा, डोंगर चढायलाच जन्माला घातलेला. भाऊ त्याला रेडा म्हणायचा. खाणीच्या उतारावर रेड्याचं पेडल फरशीला गेलं, वर आलंच नाही, आणि भाऊ गेला. रेडा मात्र चेपलेला बंपर घेऊन परत आला.

सोमवारी सकाळी भावाची बायको, म्हणजे बाईंची जाऊ, शेडच्या दारात येऊन उभी राहिली. राहायची समोरच. फोरमनशी बोलायची, पण बाईंशी चार वर्षांत एक शब्द नाही.

"दादा, रेडा चालू होईल?"

"होईल की. का गं?"

"डोंगरावर टॉवर उभा करतायत. त्यांचं सामान वर पोचवायचं काम मिळालंय मला. रविवारी पहिली खेप."

"म्हणजे खाणीचाच उतार."

"दुसरा रस्ता आहे कुठं?" ती म्हणाली. बाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता जावेने पुढचं वाक्य टाकलं, "ब्रेकचं तेवढं नीट बघा. आणि पेडलवर कुणी भरवशाचं माणूस बसवा."

कप तसेच आत गेले.

२

पेडलवर अर्थातच बाई बसल्या. दुसरं होतं कोण?

फोरमननी आधी रोग शोधला. पहिल्या दाबाला पेडल थेट फरशीला. दुसऱ्याला अर्ध्यावर. चौथ्याला वर येऊन कडक. "पंप केल्यावर उभं राहतंय म्हणजे आत हवा," ते म्हणाले. "धरून ठेवल्यावर बसत गेलं असतं तर वॉशर गेले म्हटलं असतं." तरी त्यांनी चारही चाकं उघडली. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम गंजून असा बसला होता की हातोड्याने अर्धा दिवस खाल्ला. आतली रबरं फुगलेली, तेल झिरपून लायनर चिकट. नवी रबरं घातली, तडकलेला पाइप बदलला, निप्पल तापवून मोकळा केला. आपल्या माणसाचं काम बघत बसणं बाईंना आवडायचं. तोंडाने कसाही असो, हात देखणा होता.

गुरुवारी दुपारी हवा काढायला घेतली. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते, म्हणजे मागचं डावं. बाई शिडी चढावी तशा केबिनमध्ये चढल्या. ट्रकचं तोंड अंगणाकडे होतं. काचेतून फाटक दिसायचं, दोरीवरचे कपडे दिसायचे. उन्हाने पत्रा तडतडत होता.

"दाब."

दाबलं.

"धर."

धरलं. पेडल बसत गेलं.

"सोड."

अशा सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. पोटरी भरून आली. पेडल मात्र घट्ट व्हायचं नाव घेईना. एवढ्या हवेत तर फुगा झाला असता, असं काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात फाटक वाजलं. बाईंनी वर पाहिलं. फोरमन बाहेरून आत येऊन फाटकाची कडी लावत होते. काखेत ब्रेक ऑइलची नवी बाटली.

"धर," खालून फोरमन म्हणाले.

बाईंनी धरलं.

फोरमन अंगणातून चालत येत होते. दोरीवरच्या चादरीखालून वाकून आले. बाईंच्या पायाखाली पेडल बसत गेलं, बसत गेलं, टेकलं.

"सोड."

टक.

"उतरली नाहीस अजून?" फोरमन खिडकीशी येऊन म्हणाले. "सांगून गेलो होतो ना, तेल संपलं, आणतो म्हणून."

"मला कधी सांगितलंत?"

"या खिडकीतूनच. हूं म्हणालीस की."

"मग एवढा वेळ मला दाब, धर कोण म्हणत होतं?"

फोरमन हसले. "तुला झोपेतपण तेच ऐकू येत असेल." पण वाकून चाकाजवळ गेल्यावर मात्र त्यांचं हसू आवरलं. बाटलीत चार बोटं तेल होतं, वर फेस. पाना निप्पलला तसाच लावलेला.

"सैल राहिला वाटतं," ते म्हणाले. "तू वरून आपली दाबत बसलीस, ते गळत बसलं."

३

वय झालं की कान वाजतात, बाईंनी स्वतःला समजावलं. पत्र्याची शेड, त्यात आवाज घुमतो. शेजारच्या घरी दिवसभर टीव्ही बोंबलत असतो, त्यातलाच कुणी कुणाला "सोड सोड" म्हणत असेल. आणि पायाचं काय सांगावं? अख्खा संसार एका माणसाच्या शब्दावर पाय हलवलेला. शब्द नसला तरी हलेल.

सगळं पटत होतं. एकच गोष्ट भाजीतल्या खड्यासारखी दाताखाली येत होती. सोड आधी आलं होतं. टक नंतर.

शुक्रवारी फोरमन दाढी करायला न्हाव्याकडे गेले. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाईंनी पाहिलं, मग शेडमध्ये आल्या. रेड्याखाली वाकून नीट बघितलं. लाकडी ठोकळे, जुनं पोतं, तेलाची बाटली. माणूस तर नाहीच, मांजरही नाही. केबिनमध्ये चढून बसल्या. पाय पेडलवर नुसता टेकवला.

काही नाही. पत्रा तडतडला. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बाईंना स्वतःचंच हसू आलं. या वयात काय भातुकली मांडलीय.

"दाब."

आवाज अगदी घरचा होता. जरा कंटाळलेला, जरा भुकेला. त्यात भिववण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच बाईंच्या पाठीतून कळ गेली. पाय त्यांनी दाबला नाही. तो दाबला गेला.

"धर."

खाली पोतं सरकल्याचा आवाज. पाना निप्पलवर बसल्याचा आवाज. कुणीतरी कोपरावर अंग पेलून कण्हलं, फोरमन कण्हतात तसंच.

"सोड."

पाय उठला. आणि मग टक.

 मग खालचा माणूस जिभेने "च्" असं वाजवून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायला लागला.

बाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. गच्च. डोळेही मिटले. पुटपुट संपेल एवढा वेळ मनातल्या मनात आकडे मोजले आणि मग साडी सावरत, दाराच्या कडीला लटकत खाली उतरल्या. खाली बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

४

"एक विचारू?" जेवताना बाई म्हणाल्या.

"नाही म्हटलं तर थांबणारेस का?"

"भाऊजींच्या ट्रकची हवा काढली होती आपण. अपघाताच्या आदल्या दिवशी. तेव्हा तुम्ही निप्पल आधी आवळलात ना? सोड म्हणायच्या आधी?"

फोरमननी घास परत ताटात टाकला. "पुन्हा तेच?"

"पुन्हा कुठे? चार वर्षांत आज पहिल्यांदा विचारतेय."

"तीस वर्षं डेपोत काय गवत उपटलं मी? शेकडो गाड्यांची हवा काढलीय. तुझा पाय आधी उठला. सगळ्या जगाला माहीत आहे."

सगळ्या जगाला माहीत होतं हे खरं. कसं माहीत झालं तेही बाईंना माहीत होतं. दवाखान्याच्या बोळात, फिनाइलच्या वासात, जावेने भिंतीला टेकून विचारलं होतं, "दादा, कालच तर ब्रेक केला होतात ना?" फोरमन खाली बघत राहिले. मग म्हणाले, "हिचा पाय आधी उठला असणार." असणार म्हणाले होते. दिवस मावळायच्या आत त्यातलं असणार गळून पडलं.

बाई तिथेच, हातभर अंतरावर उभ्या होत्या. बोलल्या नाहीत. नवऱ्याचा भाऊ आत शेवटच्या घटका मोजतोय, तिथे काय नवरा-बायकोने तू तू मैं मैं करायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. नंतर बोलू म्हणाल्या. नंतर तेरावा झाला, महिना झाला, वर्ष झालं. खापर एकदा फुटलं की तुकडे ज्याच्या पायाशी पडतील त्यानेच वेचायचे असतात. आणि खरं सांगायचं तर आपला पाय आधी उठला की नाही हे त्यांनाही हळूहळू सांगता येईनासं झालं. माणूस रोज ऐकतो ते त्याला आठवायला लागतं.

"उद्या परत करू हवा," त्या म्हणाल्या. "पण टक ऐकल्याशिवाय मी पाय उचलणार नाही."

"नको उचलूस. जन्मभर तिथेच बस."

शनिवारी तसंच झालं. फोरमन खाली, बाई वर. तिसऱ्या फेरीला फोरमन म्हणाले, "सोड."

बाई हलल्या नाहीत.

"अगं सोड म्हटलं ना!"

"टक नाही झालं."

खाली पाना खडखडला. मग टक. "बहिरी झालीस तू," फोरमन म्हणाले, पण आवाज पडला होता. पुढच्या प्रत्येक फेरीला आधी टक, मग सोड. चारही चाकं झाली तेव्हा पेडल दोन बोटं खाली गेलं आणि दगडासारखं थांबलं. फोरमननी स्वतः चढून पाहिलं. शेडला कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. बाईंना चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं, एवढा उद्याचा दिवस सुखरूप गेला, ती उतार उतरून परत आली, की कदाचित आपल्याकडे बघेल.

५

रविवारी जाऊ सकाळीच आली. सलवारीवर नवऱ्याचा जुना शर्ट, केस गच्च बांधलेले, हातात पाण्याची बाटली. फोरमननी कुलूप काढलं.

"घे. दगड झालंय पेडल. डोळे मिटून जा."

जाऊ केबिनमध्ये चढली. बसली. सीट पुढे ओढली. मग तिने पाय ठेवला, आणि बाईंना तिचा गुडघा खोल खाली जाताना दिसला. आवाजसुद्धा झाला नाही. लोण्यात सुरी जावी तसं.

"दादा?"

"काय?"

"फरशीला जातंय."

"असं कसं जाईल?" फोरमन धावत दाराशी गेले. "काल मी स्वतः... कुलूप होतं. किल्ली माझ्यापाशी."

"नेऊ नकोस," बाई म्हणाल्या. चार वर्षांनी तिच्याशी बोललेला पहिला शब्द. "तुझ्या पाया पडते, हा ट्रक नेऊ नकोस. काल सगळं बरोबर केलं होतं, तरी..."

"काल पेडलवर कोण होतं?" जावेने विचारलं. फोरमनला विचारलं.

फोरमन आधी बाईंकडे बघत राहिले, मग जमिनीकडे. दवाखान्याच्या बोळात बघत होते तसेच. "ही होती," ते म्हणाले. "मी सांगत होतो तिला. पण हिचा पाय आधी..."

"दाब," खालून फोरमन म्हणाले.

दारातले फोरमन बोलता बोलता थांबले. तोंड उघडंच राहिलं, आणि ते तोंड हलत नव्हतं हे दोघींनाही दिसत होतं.

जावेने उतरायला दाराकडे हात नेला. पण नवऱ्याच्या शब्दावर तीही कधीकाळी पेडलवर बसलेली बाई होती. पाय दाबला गेला.

"धर."

फोरमननी दाराची कडी पकडली. "अगं उतर," असं काहीतरी म्हणायला गेले, घशातून नुसती हवा आली.

बाई वाकल्या. वाकायचं नाही असं ठरवून वाकल्या. मागच्या डाव्या चाकाआड, पोत्यावर, अंधार जरा जास्त दाट होता. त्यातून एक हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत तेलकट, पाना धरलेला. हात ओळखीचा होता. ज्या हातावर त्यांनी हळद लावली, फुंकर घातली, तोच. दोन वर्षांपूर्वी शेडच्या दारात सापडून फोरमनच्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं होतं, ते पुन्हा आलंच नाही. या अंगठ्याला नख होतं. स्वच्छ, गुलाबी, नुकतं कापलेलं.

"सोड."

वर जावेचा पाय उठला. मग त्या हाताने पाना फिरवला.

टक.

"च्," खालचा माणूस म्हणाला. हळू, स्वतःशी, पण पत्र्याच्या शेडमध्ये शब्द न् शब्द लख्ख. "गेली वाटतं आत." जरा थांबला. जांभई दिली. "जाऊ दे. चालतंय." आणि मग आवाज चढवून, वर केबिनमध्ये ऐकू जाईल असा, "चालतंय गं, उतर आता! वाढ जेवायला!"

दोरीवरची चादर वाऱ्याने फडफडली. फोरमन चाकाच्या मडगार्डला टेकून खाली बसले होते. दोन्ही हात मांडीवर उताणे, आपले नसल्यासारखे.

झालं, बाईंच्या मनात आलं. फिटलं. ऐकलं हिने. माझा पाय नव्हता. छातीवरचा धोंडा बाजूला होईल म्हणून त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

जाऊ केबिनमधून उतरली. फोरमनकडे तिने पाहिलंही नाही. ओलांडून, बाईंच्या समोर येऊन उभी राहिली. इतक्या जवळ ती दवाखान्यानंतर आली नव्हती. तिचे डोळे कोरडे होते.

"ताई," ती म्हणाली.

"बघ, माझा पाय..."

"ते ऐकलं मी." जावेने मागे वळून उंच केबिनकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. "किती स्पष्ट ऐकू येतं हो वर. जांभईसुद्धा."

बाईंची नजरही वर केबिनकडे गेली.

"त्या दिवशी वर तुम्हीच होतात ना? उतरलात. जेवायला वाढलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी हे किल्ली न्यायला आले, तेव्हा दारात कोण होतं?"

बाईंनीच किल्ली दिली होती. सावकाश जा भाऊजी, असंही म्हणाल्या होत्या.  

"दाब," खालून आवाज आला.

केबिन रिकामी होती. अंगणात, सकाळच्या उन्हात, जावेच्या डोळ्यांदेखत, फोरमनीणबाईंचा उजवा पाय जमिनीत दाबला गेला.